वर्गविहीन फ्रीज

सोव्हिएत युनियन मोडून अडीच वर्षं होत आली होती. पेपरात आलं होतं, टीव्हीवर दाखवलं होतं, समोरच्या वझेकाकांनी तर मुद्दाम दार वाजवून सांगितलं होतं. पण नेरूळच्या एका सिडको इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जगदाळ्यांच्या दीड खोल्यांत ते अजून व्यवस्थित चालू होतं. राज्य कामगारांच्या नावानं चालायचं आणि हुकूम एकाच माणसाचे असायचे. तिकडेही असंच होतं म्हणतात.

तो एक माणूस म्हणजे मंजूचे बाबा, कॉम्रेड कृष्णात जगदाळे. वाशीच्या मार्केटात गोण्या उचलणाऱ्या कामगारांच्या युनियनचे पूर्णवेळ कार्यकर्ते. मूळचे साताऱ्याकडचे, आवाज डोंगरातला, मन लोण्याचं, आणि तत्त्वं मात्र लोखंडी. दर रविवारी पोह्यांनंतर घरात सभा भरायची. मंजू सहा वर्षांची झाली तेव्हापासून तिलाही मत होतं, कारण बाबांच्या मते शाळा हेही कामच. आईला मत होतं. बाबांना मत होतं. शेवटी निर्णय बाबांसारखाच लागायचा, कारण चर्चा ते जिंकेपर्यंत संपायची नाही आणि आईला कुकर लावायचा असायचा.

घरातला सगळ्यात कडक नियम असा की 'माझं' म्हणायचं नाही. 'आपलं' म्हणायचं. आपला कंगवा, आपली पाटी, आपलं दप्तर. मंजूला एकदा ताप आला तेव्हा तिनं कण्हत सांगितलं होतं, "बाबा, आपलं डोकं दुखतंय," आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तापानं की अभिमानानं, हे तिला कळलं नाही. 'माझं' तोंडातून निसटलं तर त्या दिवशीची भांडी घासायची, हा दंड. आईला तो लावता येत नव्हता, कारण भांडी तशीही तीच घासायची. क्रांतीच्या नजरेतून ही एवढी गोष्ट कशी कोण जाणे, सुटून गेली होती.

अशा घरात त्या एप्रिलमध्ये फ्रीज यायचं ठरलं.

झालं असं, की आईची भिशी लागली. बायकांच्या भिशीत चिठ्ठी निघते ती नशिबाची असते, त्यात वर्गसंघर्ष नसतो. रविवारच्या सभेत आईनं पदराला हात पुसले आणि उभी राहिली. एरवी ती बसूनच बोलायची.

"मला फ्रीज घ्यायचाय."

"सगुणाबाई," बाबा सभेत आईला असंच म्हणायचे, "माठ असताना फ्रीज ही गरज आहे की चैन, यावर आधी चर्चा..."

"लाल रंगाचा मिळतोय," आई म्हणाली.

बाबा थांबले. आईनं हे चार दिवस आधीच हेरून ठेवलेलं होतं, हे मंजूला तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं. मतदान झालं. दोन विरुद्ध एक. राजवटीच्या इतिहासात पहिल्यांदा बाबा हरले, आणि हरल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण लोकशाही म्हणजे लोकशाही. माणूस चांगला होता हो. त्रास तोच होता.

मंजूला मात्र टाळ्या ऐकूसुद्धा आल्या नाहीत. तिच्या डोक्यात एकच गोष्ट थुईथुई नाचत होती. आईस्क्रीम.

कारण मंजूचा वाढदिवस एक मेला. कामगार दिनाला आपल्याला मुलगी झाली, ह्याचा बाबांना इतका अभिमान, की तिचा प्रत्येक वाढदिवस मोर्चात झाला. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून तिला वाटायचं, हे एवढे लोक, हे झेंडे, हा 'विजय असो'चा गजर, सगळं आपल्यासाठीच. पुढं शाळेत गेल्यावर कळलं, की बाकीच्या मुलींच्या वाढदिवसाला केक असतो आणि घोषणा नसतात. तो धक्का मोठा होता. मोर्चातल्या एकालाही आपला वाढदिवस माहीत नव्हता, हा त्याहून मोठा.

यंदा तिनं वर्गात सांगूनच टाकलं. एक मेला शाळेत निकाल लागला की सगळ्यांनी आमच्याकडे यायचं, आंब्याचं आईस्क्रीम खायला. त्यावर राजेश्वरी, जिच्या घरच्या फ्रीजवर क्रोशाचं झाकण आणि प्लास्टिकची फळं होती, ती म्हणाली, "तुमच्याकडे आईस्क्रीम? तुमच्याकडे तर झेंडे असतात ना?"

आता माघार नव्हती.

फ्रीज टेम्पोतून आला. मार्केटातल्या सहा कामगारांनी तो 'इन्किलाब'च्या तालावर जिन्यातून वर चढवला. मंजू पुढं पुढं उलटी पायऱ्या चढत होती, तिची मैत्रीण संघप्रिया मागून "हळू! हळू!" ओरडत होती, आणि मजल्यामजल्यावर दारं उघडत होती. लालभडक, चकचकीत, दाराला चांदीच्या रंगाचं कुलूप आणि त्याच्या दोन किल्ल्या. मंजूनं त्याला गाल लावून बघितला. अजून चालू नव्हता, तरी तिला गार लागला.

आणि मग लक्षात आलं, की ठेवायचा कुठं?

स्वयंपाकघरात तो मावला असता, पण मग आई मावली नसती. बाहेरच्या खोलीत एकच कोपरा होता आणि त्यात युनियनचे झेंडे, काठ्या, फलक, एक ढोल आणि बिघडलेला कर्णा रचलेला होता.

"ते हलवा की," आई म्हणाली.

"ती युनियनची मालमत्ता आहे. ती मी कशी हलवणार? ठराव लागेल."

म्हणून फ्रीज 'तात्पुरता' बाहेर पॅसेजमध्ये राहिला. चार दारांच्या मधोमध. आपल्या देशात तात्पुरतं ठेवलेलं काय काय आहे ते मी सांगायला नको.

लगेच समोरचं दार उघडलं. नंदकिशोर वझे, सोसायटीचे सेक्रेटरी, हातात उपविधींचं पुस्तक. "जगदाळे, ही कॉमन जागा आहे. इथे खासगी वस्तू ठेवता येत नाही."

बाबांच्या चेहऱ्यावर एकदम पहाट झाली. "बरोबर! शंभर टक्के बरोबर बोललात वझेसाहेब! सामाईक जागेत खासगी वस्तू नको. म्हणजे फ्रीज सामाईक!"

"मी तसं नाही म्हटलं."

"ठरावच आहे हा तुमचा! मजल्यावरच्या चारही घरांचा फ्रीज. जमेल तेवढं आणून ठेवायचं, गरजेपुरतं न्यायचं."

मंजूनं आईकडे बघितलं. आईच्या मुठीत दोन्ही किल्ल्या होत्या. तिनं त्या बाबांच्या पसरलेल्या हातावर ठेवल्या. बाबांनी त्या पॅसेजमधल्या खिळ्याला टांगल्या. "कुलूप," ते म्हणाले, "हा भांडवलशाहीचा दागिना."

प्लग सगळ्यात जवळ गंगाराम कांबळ्यांच्या दाराशी पडत होता. ते संघप्रियाचे वडील, पोस्टात होते, कमी बोलायचे आणि बोलले की समोरच्याला रात्री आठवायचं. त्यांनी दारातून वायर बाहेर काढून दिली. वझेकाकांनी हरकतीचा अर्ज टाइप करून फ्रीजच्या दाराला चिकटवला. मग जरा वेळानं ते पुन्हा आले, इकडेतिकडे बघितलं, आणि खाकरले. "जगदाळे, माझं इन्सुलिन... उन्हाळ्यात माठाजवळ ठेवतो, पण डॉक्टर रागावतात..."

"ठेवा की! गरजेप्रमाणे!"

अशा रीतीनं वझेकाकांची हरकत बाहेर आणि इन्सुलिन आत राहिलं, आणि दोन्ही सुखात होती.

चौथ्या घरात वेणूबाई. करावे गावच्या, मुलानं फ्लॅट घेतला म्हणून इमारतीत आलेल्या, पण मासळीची पाटी सोडली नव्हती. त्यांनी फ्रीज उघडला, आत डोकं घातलं आणि आतूनच बोलल्या, "आगो बाय! सगला बाजार मावंल गो यात!" संध्याकाळी उरलेले ओले बोंबील पाटीतून थेट आत गेले.

त्यावर सभा. वझेकाकांचं म्हणणं, शाकाहार वरच्या कप्प्यात आणि बाकीचे खाली.

गंगारामकाकांनी चष्मा पुसत विचारलं, "खाली म्हणजे कोण, वझेसाहेब? मासे, की माणसं?"

"अहो, मासे! मी मासळीचं म्हणतोय!" वझेकाका लालबुंद झाले. "तुम्ही काहीतरीच!"

"नाही, विचारून घेतलेलं बरं. आधी पण बऱ्याचदा मासळीपासूनच सुरुवात झालीय."

मग बाबा उठले आणि त्यांनी आतल्या जाळ्यांवर हात ठेवून जाहीर केलं, "या फ्रीजमध्ये वर-खाली नाही. कप्पा कुणाच्या नावाचा नाही. हा वर्गविहीन फ्रीज आहे."

मंजूला ते भाषण इतकं आवडलं, की तिच्या अंगावर काटा आला. फक्त, वर्गविहीन फ्रीजमध्ये बोंबलाचा वासही वर्गविहीन असतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. सत्यनारायणाचं पंचामृत, कांबळ्यांकडची खीर, आईचं दही, सगळ्याला एकच सुगंध. वझेकाकूंनी लोणी एका डब्यात, तो डबा दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात घातला. तरी त्या आठवड्यात वझेकाकांनी टोस्ट खाता खाता विचारलं, "आज लोण्यात काही वेगळं आहे का?" आणि आणखी मागून घेतलं. हे काकूंनी फक्त आईला सांगितलं. म्हणजे सगळ्यांना कळलं.

पण मंजूचं आईस्क्रीम काही होईना.

पहिल्यांदा आईनं दूध आटवून, आंबा घालून स्टीलचा डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवला. आता वरच्या मजल्यावरूनही लोक गार पाण्याला यायला लागले होते. खालचा इस्त्रीवालाही येऊन बाटली भरून न्यायचा. दार उघडतंय, मिटतंय, उघडतंय. काही माणसं तर नुसतीच उघडून उभी राहायची, वारा घ्यायला. संध्याकाळी डब्यात आमरस होता. पुऱ्या तळल्या.

दुसऱ्यांदा आईस्क्रीम जमलं. मंजूनं डोळे मिटून पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे तसेच मिटलेले राहिले.

"काय गो पोरी, कसा हाय?" वेणूबाईंनी विचारलं.

"बोंबील," मंजू म्हणाली.

वेणूबाईंनी चमचाभर खाल्लं, विचार केला, आणि म्हणाल्या, "आंब्यातला बोंबील मना आजवर कनी खिलवला नव्हता. चांगला हाय." आणि सगळा डबा संपवला.

तिसऱ्यांदा मात्र आई इरेला पेटली. तीस एप्रिल. डब्याला फडकं, फडक्यावर पिशवी, पिशवीवर दोरी. खिळ्याखाली स्वतः स्टूल टाकून मटार... नव्हे, एप्रिलात कुठले मटार, तांदूळ निवडत बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माठाकडे वळवत राहिली. दुपारी मंजूनं डब्यावर टिचकी मारली. टण्ण! असा आवाज, की तिनं आणि संघप्रियानं पॅसेजमध्ये फुगडी घातली. मग दोघी मैत्रिणींना पुन्हा आठवण करून द्यायला बाहेर पडल्या. आईही जरा पाठ टेकायला आत गेली. राजेश्वरीच्या दारात मंजू हसून म्हणाली, "उद्या ये हं. वाटी आणू नकोस. आहेत आमच्याकडे."

परत आली तेव्हा बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मार्केटातले कामगार बसले होते. उद्याच्या मोर्चाची तयारी. दिवसभर उन्हात गोण्या वाहून आलेले. प्रत्येकाच्या हातात वाटी. मधोमध डबा. रिकामा.

"ये, मंजू!" बाबा आनंदानं म्हणाले. "आपलं आईस्क्रीम झकास झालंय! नामाला तर चक्कर येत होती उन्हानं, आता बघ कसा हसतोय."

नामा नावाचा कामगार खरंच हसत होता. मंजूच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं वाटी खाली ठेवली.

"माझं होतं," मंजू म्हणाली.

"आपलं," बाबांनी सवयीनं दुरुस्ती केली.

"माझं! माझं होतं! माझं, माझं, माझं!"

इतकी भांडी तर घरात नव्हतीसुद्धा.

आतून आई आली. तिनं एकदा डब्याकडे बघितलं, एकदा मंजूकडे. मग शांतपणे बाहेर गेली, खिळ्यावरून दोन्ही किल्ल्या काढल्या, फ्रीजला कुलूप लावलं, किल्ल्या मंगळसूत्रात ओवल्या आणि फ्रीजला पाठ लावून पॅसेजमध्ये मांडी घालून बसली.

"सगुणा, हे काय? ही टाळेबंदी झाली! टाळेबंदी मालक करतो!"

"मग मी हाय मालकीण. आणि हे टाळं मालकिणीचं, बसणं कामगाराचं. चहा मिळणार न्हाई, जेवण मिळणार न्हाई. मागण्या मान्य होईपर्यंत उठणार न्हाई."

कामगार चपला शोधायला लागले. पण जिना उतरेनात. हे बघायचं होतं.

वेणूबाई बाहेर आल्या, परिस्थिती बघितली, आणि आईशेजारी बसल्या. संघप्रियाची आई बसली. वझेकाकू सतरंजी घेऊनच आल्या. त्या म्हणे लग्नापासून असं काहीतरी व्हायची वाट बघत होत्या. वझेकाका दारात म्हणाले, "कॉमन पॅसेजमध्ये धरणं धरायला सोसायटीची..." काकूंनी वर बघितलं. काका आत गेले.

"घोषणा द्या गो," वेणूबाई म्हणाल्या.

आई बावरली. तिनं आयुष्यभर मोर्चांना पोळ्या लाटून दिल्या होत्या, घोषणा दिली नव्हती. ती पुटपुटली, "आमच्या मागण्या... मान्य करा."

बाबांना ते सहन झालं नाही. एखाद्या गवयापुढं कुणी बेसूर गावं तसा त्यांचा चेहरा झाला. "अगं असं नाही! पोटातून! 'आमच्या मागण्या', इथे थांबायचं, लोकांनी उचलायचं. हात वर. मूठ! मूठ आवळ, सगुणा!"

"आमच्या मागण्या!" आई ओरडली.

"मान्य करा!" पॅसेज दणाणला.

"शाब्बास!" बाबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "हुकूमशाही..."

"नही चलेगी!"

"आता थांबू नका, मालक घाबरलाय!" असं म्हणून ते स्वतःच खाली बसले, आईच्या बाजूला, आणि मूठ वर केली. मग त्यांच्या लक्षात आलं की मालक तेच आहेत. पण उठवेना. इतका चांगला संप त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता.

वाटाघाटी गंगारामकाकांनी केल्या. एक: 'माझं' म्हणायला बंदी नाही. दोन: मंजूचं आईस्क्रीम होईपर्यंत फ्रीजचं दार उघडायचं नाही. तीन...

"तीन," आई मंजूकडे बघत म्हणाली, "उद्या पोर मोर्चाला येणार न्हाई. उद्या तिचा वाढदिवस हाय."

बाबांनी मंजूकडे बघितलं. मंजूच्या नाकातून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"तुला मोर्चा आवडत नाही?"

"आवडतो," मंजू म्हणाली. "पण तिथं कुणाला माझं नाव माहीत नाही."

बाबांनी वळलेली मूठ सोडली. मग उठले, पिशवी घेतली आणि स्वतः मार्केटात जाऊन हापूस घेऊन आले. तेवढ्यात मजला कामाला लागला होता. इन्सुलिन ओल्या फडक्यातून माठाशी परतलं. वेणूबाईंनी होते नव्हते तेवढे बोंबील तळले आणि सगळ्यांना वाटले. आईनं फ्रीज सोड्यानं धुतला, लिंबानं पुसला. डबा आत गेला, कुलूप लागलं आणि बाबा स्टूल टाकून बाहेर पहाऱ्याला बसले.

सकाळीही ते तिथंच होते. मंजू शाळेतून निकाल घेऊन, मैत्रिणींना घेऊन आली तरी तिथंच. राजेश्वरीनं पॅसेजमधला फ्रीज बघितला, त्याच्यापुढं बसलेला दाढी वाढलेला माणूस बघितला, आणि ती काही म्हणणार तेवढ्यात खालून आवाज यायला लागला. पावलांचा. खूप पावलांचा.

मार्केटातले कामगार जिना चढून येत होते. पुढं नामा, घामाघूम. "कॉम्रेड! अवं मोर्चा निघंना! समदे खोळंबलेत! झेंडे तुमच्या घरात!"

बाबांनी कपाळावर हात मारला. आयुष्यात पहिल्यांदा ते एक मे विसरले होते. म्हणजे एक विसरले होते, दुसरा लक्षात ठेवला होता.

खोलीतून झेंडे निघाले, काठ्या निघाल्या, फलक, ढोल, कर्णा निघाला. कोपरा मोकळा झाला. लादीचा खरा रंग मंजूनं प्रथमच बघितला. आईनं कोपऱ्याकडे बघितलं, कामगारांकडे बघितलं, आणि म्हणाली, "नामाभावजी, एक हात लावता का?"

बाबांनी तोंड उघडलं. ठराव मागायला असावं. मग मिटलं. सहा जणांनी फ्रीज उचलला आणि 'हळू! हळू!'च्या गजरात कोपऱ्यात बसवला, जसा काही तो तिथंच जन्मला होता. "दार उघडंच असतंय माझं," आई शेजाऱ्यांना म्हणाली. "यायचं, न्यायचं. फक्त विचारून."

मग तिनं किल्ली मंजूच्या हातात दिली.

टण्ण! डबा निघाला. पाच मैत्रिणी, चार घरं, आणि जिन्यापर्यंत झेंडे घेतलेली माणसं. डबा तेवढाच.

मंजूनं डबा पोटाशी धरला. "हे माझं आहे," ती म्हणाली. मोठ्यानं, पोटातून, मध्ये थांबून.

"हो," बाबा म्हणाले. "तुझं आहे."

असं कुणी म्हटल्यावर काय करायचं हे तिला माहीतच नव्हतं. ती तशीच उभी राहिली. नामा दारात वहाण काढून अवघडून उभा होता, आणि म्हणाला, "मंजू, वाढदिवसाच्या शुभेच्छा बरं का. काल ठावं नव्हतं मला."

मंजूनं चमचा घेतला. पहिला राजेश्वरीला, दुसरा नामाला. मग रांगच लागली. एकेकाला एकेक चमचा, आणि प्रत्येक जण पुढं आला की म्हणायचा, "शुभेच्छा, मंजू." जिन्यात कुणीतरी 'मंजूताईंचा' अशी सुरुवात केली आणि खालपर्यंत 'विजय असो' गेलं. राजेश्वरी भिंतीला चिकटून बघत होती. तिच्या वाढदिवसाला बिचारीच्या फक्त केक असायचा.

बाबा रांगेत सगळ्यात शेवटी उभे होते. डब्याच्या तळाशी खरवडून एक चमचा निघाला. त्यांनी डोळे मिटून खाल्लं.

"बाबा, खरं सांगा," मंजू हळूच म्हणाली. "बोंबलाचा वास येतोय का?"

बाबांनी जीभ टाळूला लावून नीट विचार केला.

"येतोय," ते म्हणाले. "पण सगळ्यांना सारखा."